ओझ्याखाली पडलेले गाढव आणि त्याचा मालक



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. पहाटेच्या मिस्साला निघालो असताना आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापाशी एक गोणपाट हलताना दिसले. आतून कुईकुई ऐकू येत होती. आम्ही क्षणभर थबकलो, घड्याळ पाहिले आणि पुढे निघालो. मिस्सा चुकायला नको, परत येताना बघू, असे मनाशी म्हटले. तेवढ्यात पावसाची मोठी सर येऊन गेली. परतलो तेव्हा चार पिल्लांपैकी दोनच जिवंत होती.

पिल्ले कोणी टाकली हे कळायला वेळ लागला नाही. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवणारी आपल्याच धर्मग्रामातील एक भगिनी. तिच्या दारातली कुत्री वर्षात दुसऱ्यांदा व्याली होती. आम्ही जाब विचारायला गेलो आणि उत्तर ऐकून खाली मान घालून परतलो. ती म्हणाली, "डॉक्टरांकडे गेले होते हो. ऑपरेशनचा खर्च ऐकून परत आले. घरात ठेवायला जागा नाही. मिस्साला जाणारी माणसं उचलतील, म्हणून क्रुसापाशी ठेवली."

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. गरिबाच्या कुत्र्या-मांजराच्या नसबंदीसाठी आपण मदत करावी का? आम्ही तो अनेकांपुढे मांडला. प्रामुख्याने तीन आक्षेप पुढे आले.

पहिला आक्षेप असा : परवडत नाही, तर पाळावे कशाला?

येथे नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवते (२ शमुवेल १२). गरीब माणसाजवळ एकच कोकरू होते. ते त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत झोपे. परवडत नसताना कोकराचा एवढा लळा कशाला, असे नाथानने त्या गरिबाला विचारले नाही. त्याने बोट ठेवले ते श्रीमंताच्या वागण्यावर. शिवाय गरिबाघरचे कुत्रे बहुधा विकत आणलेले नसतेच. कोणीतरी टाकलेले पिल्लू पोरांनी उचलून आणलेले असते. म्हणजे दुसऱ्याने झटकलेली जबाबदारी त्या घराने उचललेली असते. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या बाईला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला त्या कुत्र्याचा आधारही असतो.

आणि हा खर्च त्यांना का झेपत नाही, तेही पाहू. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. पाळीव जनावराची जबाबदारी मात्र मालकाची. हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. परंतु खासगी दवाखान्यात मादीच्या शस्त्रक्रियेला काही हजार रुपये पडतात. पोट उघडून गर्भाशय काढायचे असल्याने नरापेक्षा मादीचा खर्च अधिक. त्यात रिक्षाचे भाडे (आणि कुत्रे म्हटल्यावर रिक्षावाला थांबेल तर ना!), बुडालेला रोज, नंतरची औषधे, टाके भरून येईपर्यंत आठ-दहा दिवस जनावराला कोरड्या जागी बांधून ठेवणे. एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे ही कोरडी जागा आणायची कुठून? दुसरीकडे निसर्ग थांबत नाही. कुत्री सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत माजावर येते, सुमारे दोन महिन्यांत विते. मांजर त्याहूनही लवकर. पैसे साठेपर्यंत दुसरी वीण झालेली असते.

परदेशातही ही अडचण ओळखली गेली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने १९७१ साली पालिकेतर्फे माफक दराचे नसबंदी केंद्र सुरू केले. तेव्हा ही अडचण केवळ आपल्या आळीतली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसे उपाशी असताना जनावरांवर पैसा का?

हा प्रश्न आपली ख्रिस्तसभाही विचारते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात दोन्ही बाजू आहेत. जनावरांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे तिथे सांगितले आहे. आणि माणसाचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागला पाहिजे तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही, हेही. आम्ही हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. आजाऱ्याच्या औषधासाठी असलेल्या पेटीतून कुत्र्याच्या शस्त्रक्रियेला एक रुपयाही काढू नये, हे आम्हाला मान्य आहे.

पण खरेच आपण त्या पेटीतून घेणार आहोत का? बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, लग्न यांत आपण मांडव, रोषणाई आणि बॅन्डवर किती खर्च करतो? तेव्हा 'माणसे उपाशी आहेत' हे वाक्य कोणाला आठवत नाही. कुत्र्याचे नाव निघाले की लगेच आठवते. प्रश्न बरोबर आहे, पण आपण तो चुकीच्या पाकिटाला विचारतो.

आणखी एक. टाकलेली पिल्ले जगली तर रस्त्यावर वाढतात, लसीविना. ती चावतात कोणाला? मोटारीत बसणाऱ्याला नव्हे. पहाटे पाटी घेऊन निघालेल्या कोळणीला, चालत शाळेत जाणाऱ्या पोराला. चावल्यावर जखम लगेच साबणपाण्याने धुऊन लस घेतली तर जीव वाचतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणजे ज्या गरिबाच्या नावाने आपण मदत नाकारतो, नाकारण्याची किंमतही तोच मोजतो.

तिसरा आक्षेप एका वयस्कर बंधूंचा : ख्रिस्तसभा नसबंदीच्या विरोधात आहे, मग चर्चच्या आवारात ही गोष्ट कशी?

त्यांची शंका प्रामाणिक होती. ख्रिस्तसभेची ती शिकवण माणसाविषयी आहे. माणसाचे शरीर, विवाहाचे पावित्र्य, पतिपत्नीने जाणतेपणी केलेले आत्मदान यांवर ती उभी आहे. जनावराला असा निर्णय घेता येत नाही. त्याची राखण देवाने आपल्याकडे सोपवली आहे. आपल्या वाडवडिलांनी गोऱ्हा बडवून बैल केला आणि त्याच बैलाने आपली शेते नांगरली. ते पाप आहे, असे कोणी धर्मगुरूंनी सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. उलट आता भूल देऊन, वेदना कमी करून ही क्रिया होते, आणि मादीला गर्भाशयात पू होण्याच्या जीवघेण्या आजारापासूनही ती वाचवते.

मग आपले कर्तव्य काय? निर्गमच्या २३ व्या अध्यायात एक छोटी आज्ञा आहे. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर निघून जाऊ नकोस, त्याला हात दे. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात तेच भावाच्या जनावराबद्दल सांगितले आहे. तिथे जनावर मोठे की माणूस मोठा, असा वाद नाही. गाढव उठले की मालकाचाही खोळंबा संपतो. आणि मालकाला बाजूला सारून नव्हे, तर त्याच्या सोबतीने ते उचलायचे आहे.

म्हणून मदत करताना उपदेश नको आणि नावाचा बोभाटा नको. पैसे थेट डॉक्टरांकडे भरावेत. ज्याला जमेल त्याने थोडा वाटा स्वतः द्यावा, जमत नसेल त्याच्याकडून मागू नये. पैसे देता येत नसतील त्याने गाडी द्यावी. ज्याच्या घरी कोरडी पडवी आहे त्याने दहा दिवस जागा द्यावी. रेबीजची लस राहिली असेल तर ती कधी द्यायची, हेही डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.

त्या भगिनीच्या कुत्रीची शस्त्रक्रिया झाली. आम्ही तिघांनी मिळून खर्च उचलला. तिने दोनशे रुपये आणून दिले, आम्ही नको म्हटले, तर म्हणाली, "कुत्री माझी आहे ना?" आम्ही ते घेतले. उरलेल्या दोन पिल्लांपैकी एक आमच्याच ओटीवर झोपते.

आपल्या शेजारी कोणाला अशी अडचण असेल, तर मिस्सानंतर आमच्या कानावर घालावे. नाव आमच्यापाशीच राहील. आणि पुन्हा कधी क्रुसापाशी गोणपाट हलताना दिसले, तर थांबावे. मिस्साला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल.