उकिरड्यातली अंडी

वैशाख सरत आला की अंजनगाव सुर्जीच्या आसपास उकिरडे उपसायला सुरुवात होते. वर्षभराचं शेण, काडीकचरा, राख, कुजका पाला पहिल्या पावसाच्या आत बंडीनं वावरात पडायला हवा. अशा वेळी फावड्याखाली कधी कधी लांबट, पांढरी, एकमेकांना चिकटलेली अंडी निघतात. त्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. "सापाची हायेत!" असं कुणी म्हणायचा अवकाश, फावडं उगारलं जातं.

कुजत्या खतात ऊब असते, ओल असते. सापाच्या मादीला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

या भीतीला हसू नये. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. घोणस आणि फुरसं पिल्लंच घालतात, म्हणजे ही अंडी त्यांची नव्हेत. पण नागाची असू शकतात. उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य राखणाऱ्या बिनविषारी धामणीचीही असू शकतात. नुसत्या अंड्यावरून आपल्याला ते ओळखता येत नाही.

मग निवाडा कसा करायचा? हदीसमध्ये साप मारायची परवानगी आहे, तेव्हा मारणाऱ्याला गुन्हेगार ठरवायला आम्ही निघालेलो नाही. मात्र मदिनेतल्या घरात दिसणाऱ्या सापांना आधी तीन दिवस ताकीद द्यावी, असंही हदीसमध्येच आहे. अंड्याला ताकीद कशी देणार? प्रवासात सोबत्यांनी एका पाखराची पिल्लं उचलली, तेव्हा ती आईला परत करायला रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलं, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाखरू गोड वाटतं म्हणून ते ऐकायला सोपं जातं, एवढंच.

आम्हाला इथे सूरह कहफमधली हकीकत आठवते. हजरत खिज्र यांनी एका मुलाला मारलं ते त्यानं केलेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, पुढे तो काय करील यासाठी. हजरत मूसा (अ.) यांना गप्प राहवलं नाही. खिज्र यांच्यापाशी अल्लाहनं दिलेलं इल्म होतं. फावडं धरणाऱ्या आपल्यापाशी तर धामण की नाग एवढंही नाही. उद्याच्या अपराधाची शिक्षा आज द्यायची, तीही न ओळखता? आम्ही मूसांच्या बाजूला उभे राहू.

अंगणात लेकरं खेळतात, अंडी फुटायला दोनेक महिने लागतात. तिथे आईला थांब म्हणणं जुलूम होईल. तिनं लेकरांना दूर ठेवून वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवावं. 1972चा वन्यजीव कायदा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं शिकारीतच धरतो. आपण त्यांना हात लावू नये. नागीण अंड्यांजवळच राहते. शिवाय अंडं उलटंपालटं झालं तर आतला जीव मरू शकतो. वावरातल्या उकिरड्याची गोष्ट वेगळी. तिथे तेवढा कोपरा तसाच झाकून ठेवला, तर यंदा खताची एखादी बंडी कमी पडेल.