आजीचे जाते आणि देवीचा टाक



वर्षावासातील प्रवचनासाठी कराड तालुक्यातील एका वाडीत गेलो होतो. ज्या घरी उतरलो तेथे तंटा चालला होता. घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली. थोरला मुलगा म्हणे, जुने ते सारे नदीत सोडा. म्हातारीने मांढरच्या काळूबाईचा टाक ज्वारीच्या कणगीत दडविला होता. नातू तापाने फणफणलेला, आणि टाक गेला तर देवीचा कोप होईल ही तिची धास्ती. मुलाने रागाच्या भरात तिचे जातेही उंबऱ्याबाहेर काढले होते. म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, देव नेला तर नेला. पर माझ्या आईच्या ओव्या ह्या जात्यावर हायती. त्या बी वाईट का?"

या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही.

वाडवडिलांची परंपरा जपा, पुढच्या पिढीच्या हाती द्या, असे आज जो तो सांगतो. ऐकावयास गोड आहे! परंतु मेलेले ढोर ओढणे हीदेखील परंपराच होती. येसकराची काठी आणि दारोदार मागितलेली भाकरी हीदेखील परंपराच होती. ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते ते टाकून द्या, असे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले. परंपरा म्हणून त्यांनी ते कवटाळले असते तर?

तथागतांनी कालामांना सांगितले की, केवळ परंपरेने आले म्हणून काही मानू नका. पाली सुत्तात 'परंपरा' हाच शब्द आहे. पण तेच तथागत वज्जींविषयी आनंदाला म्हणाले की, जोवर ते एकत्र जमतात, आपले प्राचीन नियम मोडत नाहीत, वृद्धांचा आणि चैत्यांचा मान राखतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. मग यातले खरे कोणते?

राजगृहाच्या सिगालाची गोष्ट आठवा. ओल्या वस्त्रांनी तो सहा दिशांना हात जोडीत होता. का, तर बापाने मरताना सांगितले होते. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, आणि 'असेच कर' असेही म्हटले नाही. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खाली राबणारे कामकरी, वर श्रमण-ब्राह्मण. यांच्याशी नीट वाग, हाच दिशांना नमस्कार. बापाच्या शब्दाचा मान राहिला, आंधळेपणा गेला.

सकाळी आधी पोराला दवाखान्यात नेले. मग म्हातारीजवळ बसलो. जानेवारी २००५ मध्ये त्याच मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. ती तर दर्शनालाच आली होती, त्यांच्यावर कोप कशाचा? म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात टाकाची पूजा राहू शकत नाही, हे मी स्पष्ट सांगितले. पण तो हिसकावून घेऊ नका, असे मुलालाही बजावले. चार दिवसांनी तिने आपल्या हाताने तो काढून दिला. जाते मात्र मुलाने स्वतः आत आणून ठेवले. आपल्या कितीतरी माऊल्यांनी दळता दळता बाबासाहेबांना ओवीत गुंफले आहे. ते जाते बाहेर टाकणे म्हणजे त्यांची वाणी बाहेर टाकणे नव्हे काय?

त्या वाडीतून आगाशिवाचा डोंगर दिसतो. जखिणवाडीच्या बाजूला त्यात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, कातळात कोरलेला स्तूप आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यात कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. दूर मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावरही दाता म्हणून करहकट नगरीचे नाव आहे. हा महिक राजा नव्हता. दुकान चालवून दान देणारा उपासक होता. आपण नवीन धर्म घेतला, असे शेजारी म्हणतात. मुलांना त्यांच्याच डोंगरातला हा स्तूप दाखवा म्हणजे उत्तर तीच देतील.

येत्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा वर जाणार आहोत. म्हातारीही येणार आहे, हळूहळू चढेन म्हणते. मुलांना आणा, पाण्याची घागर आणि केरसुणी आणा. भिंतीवर नावे लिहू नका आणि मेणबत्तीचे मेण स्तूपावर सांडू देऊ नका.