मोपाहून उंबऱ्यापर्यंत

पेडणे तालुक्यात चाकाच्या खुर्चीवरून सगळ्यात सुखाने कुठे हिंडता येते, असे कोणी विचारले तर मोपाचा विमानतळ असेच सांगावे लागेल. विमानातल्या दोन रांगांमधून जाईल एवढी अरुंद खुर्ची, मग एरोब्रिज, लिफ्ट, सपाट फरशी, आपोआप उघडणारी दारे आणि खुर्ची ढकलायला गणवेशातला माणूस. 11 डिसेंबर 2022 रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी जवळच धारगळला आयुर्वेद संस्थेच्या मोठ्या इस्पितळाचेही झाले. मोपाच्या सड्यावर एवढे होऊ शकते तर सड्याखाली का होत नाही, हा प्रश्न विमानतळाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच पडतो.

समजा, कोरगावचा किंवा इब्रामपूरचा, नाहीतर डिचोलीकडच्या लाटंबार्शाचा तिशीतला मुलगा आखातात होता. तिथे गाडी उलटली किंवा परांचीवरून पाय सुटला, आणि मणका गेला. दोन-तीन महिने तिथल्या इस्पितळात काढून तो घरी येतो आहे. बसता येत नसेल तर विमानात स्ट्रेचर लागते. त्यासाठी सहा ते नऊ सीटांची जागा अडते, सोबतच्या नर्सचे तिकीट वेगळे. हे पैसे कधी कंपनी देते, कधी वकिलातीकडचा भारतीय समुदाय कल्याण निधी मदत करतो, कधी त्याच्या खोलीतले सोबती वर्गणी काढतात. मी 'समजा' म्हणतो ते मुद्दाम. आमच्या गावांतल्या कुठल्या एका घराकडे बोट दाखवायचे कारण नाही, वाचणाऱ्याला आपापले घर आठवेलच.

विम्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यात आपल्या शिकलेपणाची थट्टा आहे. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी केंद्र सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375. अपघाती मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली तर 10 लाख. वाईट नाही. पण ती सक्तीची आहे ती ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो त्यांना, म्हणजे ढोबळपणे दहावी न झालेले जे लोक आखातासारख्या 18 देशांत कामाला जातात त्यांना. दहावी झाली की तो शेरा नाही, आणि सक्तीही नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88 टक्क्यांच्या वर होती. आमची मुले दहावी-बारावी, आयटीआय करून जातात. सरकारी हिशेबात ती स्वतःची काळजी घेण्याइतकी शहाणी ठरतात आणि त्याच शहाणपणापायी जाळ्याबाहेर राहतात. परांचीला कोणाची मार्कशीट दिसत नाही.

असो. मुलगा मोपाला उतरला, घरी आला. आता घर.

मी एका रविवारी टेप घेऊन माझेच घर मोजले. आमचे घर जुने, चिऱ्याचे. अंगणातून सोप्यावर चढायला तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे अठरा इंच उंची. रॅम्पचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट रॅम्प. सोप्यापासून अठरा फूट सरळ गेलो तर मी थेट तुळशी वृंदावनात जातो. वृंदावन हलवायचे नाही असे घरात ठरले (तो ठराव माझ्या आईने कधीच करून ठेवला आहे), तेव्हा रॅम्पला मध्ये चौथरा देऊन वळवावे लागेल. पुढे सोप्यावरून आत जाताना उंबरा चार इंचांचा. न्हाणीचे दार चोवीस इंच रुंद, आणि बाजारातली साधी घडीची खुर्ची बाहेरून बाहेर पंचवीस-सव्वीस इंच भरते. फरक फार तर दोन इंचांचा. त्या दोन इंचांसाठी बायकोने किंवा आईने तरण्याताठ्या माणसाला रोज दोनदा उचलायचे, आणि वर्षभराने तिची कंबर धरली की दोघांनी एकाच खोलीत पडून राहायचे. गवंडी म्हणाला, दार वाढवायला एक दिवस पुरे. एका दिवसाचे काम आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. इस्पितळातून घरी सोडताना कागदावर गोळ्या लिहून देतात, दाराची रुंदी कोणी विचारत नाही.

खुर्चीकडे येऊ. ती मिळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1972 साली स्थापन झालेली कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी असे साहित्य करते, केंद्राच्या 'अॅडिप' योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना ते फुकट किंवा अर्ध्या किमतीत मिळते. शिबिर लागते, नावे पुकारतात, पाहुणे खुर्चीच्या दांड्याला हात लावतात, फोटो निघतो. माझी तक्रार फुकटपणाशी नाही, मापाशी आहे. चपला वाटायच्या असत्या तर सगळ्यांना नऊ नंबर दिला नसता. मणका गेलेल्या माणसाला खुर्ची तासाभराची नसते, ती दिवसाचे दहा-बारा तास त्याचे पाय असते. बारीक अंगाचा मुलगा अठरा इंची सीटवर बसला की एका बाजूला कलतो. कलला की एकाच हाडावर भार येतो आणि तिथे संवेदना नसल्याने त्याला कळतही नाही. आधी लाल डाग, मग फोड, मग खोल जखम. ज्याला सगळे 'बेडसोर' म्हणतात तो पुष्कळदा बेडवर नाही, अशा खुर्चीवर होतो.

ही काही नवी विद्या नाही. 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इस्पितळात लुडविग गुटमान या डॉक्टरने मणक्याच्या जखमींसाठी विभाग काढला. त्याआधी असे रुग्ण बहुधा जगत नसत. मारणारे दोनच, पाठीच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग. गुटमानने दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली आणि माणसे जगू लागली, कामाला लागली, खेळूही लागली. आज त्या शिस्तीच्या जोडीला नीट बेतलेली खुर्ची आणि तिच्यावरची गादी लागते. चांगली हवेची गादी खुर्चीपेक्षा महाग पडू शकते, आणि वाटपाच्या फोटोत ती दिसत नाही. मद्रास आयआयटीतून निघालेल्या 'निओमोशन' कंपनीने 2020 मध्ये अंगाच्या मापाने जुळवता येणारी देशी खुर्ची आणि तिला पुढून जोडायचे बॅटरीवरचे चाक बाजारात आणले. परदेशी खुर्चीच्या मानाने किंमत पुष्कळ खाली, तरी हजारांत. ज्याची कमाई थांबली आहे त्याला ती स्वस्त म्हणणे धाडसाचे.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा साहाय्य मिळते. पेडण्यातच जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची ही योजना, तिने गोव्यातल्या हजारो घरांना टेकू दिला आहे, त्याबद्दल वाद नाही. रक्कम चार आकड्यांत बसते. त्यातून कॅथेटर, डायपर, मलमे आणावीत. उरले तर प्रवास.

आणि प्रवासच उरत नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या माणसाला मणक्याच्या तपासणीला, लघवीच्या तक्रारीला, फिजिओथेरपीला शेवटी बांबोळीचे सरकारी इस्पितळ गाठावे लागते. 108 ची गाडी तातडीसाठी. ठरलेल्या तारखेची ओपीडी ही तातडी नव्हे, आणि 108 वाल्यांनी तसे म्हणणे बरोबरच आहे. कदंब बसमध्ये दिव्यांगांना सवलत आहे, पण ती तिकिटाची आहे, पायरीची नाही. पास खिशात असतो आणि बसचा पावठा गुडघ्याच्या वर. खाजगी बस थांबते तीच कंडक्टर दारात लटकलेला असताना. आमचा खास गोव्याचा पायलट, पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकलवाला, जगात कुठे नसेल इतका सोयीचा, पण कंबर धरत नसलेला माणूस त्याच्यामागे बसणार कसा? राहिली टॅक्सी. तिच्यातही माणसाला उचलून सीटवर ठेवायचे, खुर्ची घडी करून डिकीत कोंबायची, सोबत दोन माणसे न्यायची. जाण्यायेण्याचे भाडे, इस्पितळातली थांबण्याची वेळ आणि त्या दोघांचा बुडालेला रोज धरला तर एका ओपीडीत महिन्याचे साहाय्य संपते. मग घरचे म्हणतात, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात जखम हाडापर्यंत गेलेली असते, आणि मग 108 येते. त्या वेळी ती तातडीच असते.

मला म्हणायचे आहे ते एवढेच. सरकार खुर्च्या मोजते. मोजायला हव्यात फेऱ्या. एका तालुक्यात वर्षात किती खुर्च्या वाटल्या हा आकडा विधानसभेत सांगता येतो. त्यातली किती माणसे स्वतःच्या फाटकाबाहेर किती वेळा गेली, हा आकडा कोणी ठेवतच नाही. खुर्ची दिली की खात्याचे काम संपते, गाडी हा वाहतूक खात्याचा विषय होतो, रॅम्प पंचायतीचा, न्हाणीचे दार ज्याचे त्याचे.

कायद्याला हे कळलेले आहे, ही त्यातली गंमत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 41 मध्ये परवडणाऱ्या खर्चात व्यक्तीला ये-जा करता यावी यासाठी सरकारने योजना आखाव्यात असे स्पष्ट म्हटले आहे: सवलती, वाहनांत फेरबदल आणि फिरण्यासाठी साहाय्य. म्हणजे अॅक्टिव्हाला मागे दोन चाके लावून घेणे, मोटारीला हाताचा ब्रेक-क्लच बसवणे, सोबतीला माणूस मिळणे, हे सगळे उपकाराच्या नाही, योजनेच्या कक्षेत येते. सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असे 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावले. पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट भरतो. तिथले वातावरण खरोखर मोकळे असते, तिथे गेलेला माणूस हरखून परततो. पण फेस्ट पणजीत, आणि पणजीला जायला तीच टॅक्सी.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: अशी माणसे तालुक्यात असतील मूठभर, त्यांच्यासाठी बसगाड्या बदलायच्या का? मूठभर आहेत म्हणूनच हे काम सोपे आहे, असे माझे मत. गोव्याने टॅक्सीधंदा बाहेरच्यांपासून जितका जपला तितका क्वचितच कोणी जपला असेल. अॅपवाल्या कंपन्यांना अडवले, मोपावर स्थानिकांचा हक्क मागितला. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. मग त्याच न्यायाने, ज्याला परवान्याचे संरक्षण मिळते त्या धंद्याने प्रत्येक तालुक्यात रॅम्पच्या दोन गाड्या ठेवाव्यात, भाड्यातला फरक सरकारने भरावा, हे मागणे जास्त होते काय? लंडनमध्ये प्रत्येक काळ्या टॅक्सीत खुर्ची चढते. परवाना हवा तर रॅम्प हवा, एवढाच तिथला नियम. स्विंडन-साउथॉलला गेलेल्या आमच्या लोकांनी तो रोज पाहिला आहे. शिवाय रिकाम्या वेळेत त्या गाड्यांना पर्यटक मिळतील. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारे कमी नाहीत.

काही गोष्टी तर सरकारशिवायही होतील. देवळातली मोठी भांडी लग्नामुंजीला गावात फिरतात, मंडळाच्या खुर्च्या, मंडप फिरतो. कोणी विकत घेत नाही, काम झाले की घासूनपुसून परत. आज घरोघर माळ्यावर काय पडले आहे पाहा: आजोबांचा वर-खाली होणारा पलंग, कमोडची खुर्ची, वॉकर. वारलेल्या माणसाच्या वस्तू म्हणून कोणी हात लावत नाही. त्या एका खोलीत आणून, धुऊन, नोंदवहीत लिहून गावात फिरवता येतील. मात्र मणक्याच्या रुग्णाची खुर्ची आणि गादी यात धरू नये. ती दुसऱ्याची चालत नाही. दानशूर मंडळी नेमकी इथेच चुकतात.

सीमेपलीकडे, पत्रादेवीहून थोडे पुढे कुडाळ तालुक्यात, कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'चा काजूचा कारखाना आहे. ती संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक सोळा-सतरा वर्षांच्या असताना कमरेखाली अधू झाल्या. खचलेल्या त्या मुलीला उभारी दिली ती बाबूकाका दिवाण या गृहस्थांनी. ते स्वतः तसेच अधू, आणि हाताने चालवायची आपली मोटार स्वतः हाकत. उपदेश त्यांनी केलाही असेल. पण नसीमांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याच्या मनात राहते ती मोटार. आमच्या आखातातून परतलेल्या मुलाला आधी कोणी भेटायला येत असेल तर ते गाऱ्हाणे घालणारे आणि 'नशीब' म्हणणारे येतात. अॅक्टिव्हावर बसून दारात येणारा, स्वतः तसाच असलेला माणूस त्याला पहिल्या महिन्यात भेटला, तर पुढची दोन वर्षे वाचतील.

माझ्या घराचा रॅम्प कागदावर काढून झाला आहे. वृंदावनाला वळसा घालून तो फाटकाशी उतरतो. फाटकाबाहेर गटार, त्यावर फरशी, फरशीला मध्ये बोटभर रुंद भेग. खुर्चीचे पुढचे छोटे चाक त्या भेगेत बरोबर अडकेल. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असल्याने ही फरशी त्यांची की पंचायतीची, एवढे मला विचारायचे आहे. अर्ज दोन्हीकडे एकदमच नेऊन देणार आहे.