अकरा दात

सोलापूरच्या पूर्वभागात एक पोरगा होता. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि घराला लागूनच टॉवेलच्या चार यंत्रमागांची शेड. या पोराला रिमोटवर चालणाऱ्या, दगडांवर चढणाऱ्या गाडीचं वेड लागलं. खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची गाडी. तिला क्रॉलर म्हणतात, म्हणजे रांगणारी. नावातच सगळं सांगून ठेवलेलं असूनही पोरगं पहिल्या दिवसापासून तिला पळवायला बघत होतं.

गाडीत मोटर होती 35 वेढ्यांची. आतल्या तारेचे वेढे जितके कमी तितकी मोटर चपळ, जितके जास्त तितकी सावकाश. मोटरच्या दांड्यावर 14 दातांचं बारकं चाक होतं, पिनियन. ते 87 दातांच्या मोठ्या चाकाला फिरवायचं. पुढं गिअरबॉक्समध्ये आणि अॅक्सलमध्येही फेरे कमी होतात, पण ते गाडीबरोबर आलेलं असतं. सहज बदलता येतं ते पिनियन. पोरांची पहिली खोड तिथंच निघते.

दोस्तांच्या गाड्या भन्नाट पळायच्या. त्यांच्यापुढं हिची चाल म्हणजे सासरी निघालेल्या पोरीची. पोरानं पैसे साठवून 12 वेढ्यांची मोटर घेतली, 20 दातांचं पिनियन बसवलं, टायरही मोठे लावले. शेडमागच्या फरशीवर गाडी अशी सुटली की कुत्री बाजूला झाली.

रविवारी सगळे गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत गेले. वीतभर उंचीची काळी पायरी होती. गाडीनं पुढची चाकं टेकवली आणि थांबली. पोरानं ट्रिगर दाबला. चाकं हलेनात, मोटर नुसती घुमली. आणखी दाबला. गाडी एकदम उडाली आणि पाठीवर पडली. चार वेळा तेच. पाचव्या वेळी धूर आला. पोरानं मोटरला बोट लावलं आणि हात झटकला. बोटाला फोड आला.

घरी शेडच्या दारात बाजेवर तात बसले होते. तात म्हणजे आजोबा. उमर जॉबर म्हणून, म्हणजे मागांची दुरुस्ती करण्यात, गेलेली. गुडघे गेले, कान शाबूत. कुठल्या मागाचा नट ढिला झालाय ते बसल्या जागी आवाजावरून सांगायचे.

"काय करायलास बे? वास कशाचा?"

"मोटर जळली, तात. कमी पडली. आता अजून ताकदीची आणावी लागंल."

तातांनी गाडी मांडीवर घेतली. नखानं पिनियनचे दात मोजले, मग मोठ्या चाकाचे. काही बोलले नाहीत. हातानं मागाकडं दाखवलं.

"ती मोटर मिनिटाला किती फेरे मारते?"

"पाटीवर 960 लिहिलंय."

"आणि माग?"

"120."

"मग बाकीचे 840 कुठं गेले?"

पोरगं मागाकडं बघत राहिलं. मोटरवर बारकी पुली, मागाच्या दांड्यावर मोठी पुली, मधे पट्टा. रोज दिसायचं, पण हा हिशोब कधी डोक्यात आला नव्हता.

"कुठं नाही गेले," तात म्हणाले. "त्यांचा जोर झाला. आठ फेरे दिले तेव्हा एक फेरा आठपट जोराचा मिळाला. तू चारच दिलेस आणि वर मोठे टायर लावून त्यातलेही काढून घेतलेस. मोटर पळायला असते बे, चढायला दात असतात."

भागाकार करून बघा: 87 भागिले 20 म्हणजे सव्वाचारच्या जरा वर. वेगाच्या हव्यासात जोर गेला, आणि जोर नाही म्हणून मोटर अडली. अशी मोटर फिरत असते तेव्हा स्वतःच उलटा दाब तयार करून विजेला आवरते. अडून बसली की तो आवर सुटतो, सगळी वीज तारेत घुसते आणि तार तापते. पोराला वाटलं मोटर अशक्त. तिला तर फिरायलाच मिळालं नव्हतं.

तातांनी एका मालकाचीही गोष्ट सांगितली. त्यानं जास्त कापड निघावं म्हणून मोटरवरची पुली मोठी केली. माग 160 वर गेला. ताण्याचे धागे पटापटा तुटायला लागले, विणकराचा दिवस गाठी मारण्यात जायला लागला, आणि आठवड्याच्या शेवटी कापड पहिल्यापेक्षा कमी. "गड्ड्याच्या यात्रेत एवढा उंच, जड नंदीध्वज धरणारा कधी पळतो का?"

पोराला पटलं, पण जरा जास्तच. त्यानं 80 वेढ्यांची मोटर आणली, 10 दातांचं पिनियन लावलं. दगडावर गाडी मुंगीसारखी चढली. मात्र सुट्या मुरमाच्या चढावर चाकं जागच्या जागी खड्डा करत रुतली. माती मागं फेकायला लागतो तेवढा झपाटाच उरला नव्हता. पोरगं तोंड पाडून परत आलं तेव्हा तात हसले. "धोट्याला मार कमी पडला तर तो पलीकडं पोचत नाही, ताण्यात मधेच अडकतो. मी हळू चालव म्हटलं नव्हतं. मागाला 120 लागतात म्हणून 120."

तिसऱ्या खेपेला पोरानं विकत घेण्याआधी वहीत हिशोब केला. मोटर 55 वेढ्यांची. दात 11, म्हणजे 87 भागिले 11, जवळजवळ आठ, मागाइतकेच. टायर पुन्हा जुने. आणि झपाट्यासाठी दोन सेलच्या जागी तीन सेलची बॅटरी: 7.4 व्होल्टचे 11.1, वेग दीडपट. गाडीतल्या कंट्रोलरला तेवढे झेपतात का, हे त्यानं आधी वाचलं. (मोटर जळल्याशिवाय माहितीपत्रक वाचणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.)

दोन दातेरी चाकं किती जवळ बसवायची, ते तातांनी हाताला धरून दाखवलं. वहीच्या कागदाची पट्टी दातांमधे घालून फिरवायची. पट्टीवर नक्षी उमटली पाहिजे, पट्टी फाटता कामा नये. पहिली फाटली. दुसरी कोरी निघाली. तिसरीवर नागमोडी रेघ आली, तेव्हा तातांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी तीच खाण, तीच काळी पायरी. पुढची चाकं टेकली. एक टायर दबला, मागचं एक चाक हवेत उचललं गेलं, आणि गाडी तशीच उभी राहिल्यासारखी वाटली.

"बंद पडली काय बे?" दोस्त म्हणाला.

"थांब की."

मोटरचा आवाज चढला नाही. दगडाच्या कडेवर रबर हळूहळू चढत गेलं, पोट घासलं, मागची चाकं लागली, आणि गाडी वर. मग मुरमाचा चढ. तिथं पोरानं ट्रिगर पूर्ण दाबला. मागं माती उडाली आणि गाडी निघून गेली.

त्यानं ती उचलली. जुन्या फोडाची खूण असलेलं तेच बोट मोटरवर ठेवलं आणि पाच आकडे मोजेपर्यंत तसंच ठेवलं. मोटर कोमट होती.