राजीनाम्याचा जामीनदार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्याने केली त्याचा पगार दर एक तारखेला होत असावा, असा माझा जुना संशय आहे. पोट भरल्याशिवाय नोकरीला नावं ठेवायचा उत्साह माणसाला येत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना तो परवा आला. मोठ्या कंपनीतली गारेगार नोकरी सोडून त्यांनी लाकडी घाण्याचं तेल काढायला घेतलं. सत्यनारायण झाला, प्रत्येकाला पाव लिटर शेंगदाणा तेल मिळालं, आणि सगळे म्हणाले, “धाडस लागतं हो!” मीही म्हणालो. तेल फुकट होतं.

पण धाडस नक्की कुणाचं? कर्ज मागायला कोणी आलं की आम्ही बँकवाले आधी विचारतो, “जामीनदार कोण?” सरकारने २०१५ साली मुद्रा योजना काढली आणि छोट्या धंद्याला १० लाखांपर्यंत तारणाच्या कटकटीतून सोडवलं. उत्तम. राजीनाम्याला मात्र जामीनदाराचा रकाना पहिल्यापासूनच नाही. सही एकट्याची, हप्ते घरादाराचे. या गृहस्थांचा फ्लॅटचा हप्ता हल्ली वहिनींच्या शाळेच्या पगारातून जातो. (हे वहिनींनीच जिन्यात सांगितलं. खात्यातलं मी बोलत नसतो.)

“तुम्हाला विचारलं होतं ना?” मी म्हटलं.

“विचारलं की! राजीनामा देऊन आल्यावर.”

“मग?”

“म्हटलं, करडईचंही काढा. मागणी आहे.”

१९८१ साली इन्फोसिस निघाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या १०,००० रुपयांवर. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण धाडसी म्हणून नाव नारायणरावांचं घेतो. पैसे ज्यांचे बुडायचे होते त्यांना आपण ‘साथ दिली’ एवढ्यावर कटवतो. साथ काय, भांडवल म्हणा!

कोणी म्हणेल, घरातल्या सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबलं तर माणूस पेन्शनीतच निघायचा. हेही खोटं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली मास्तरकी सोडून बेळगावच्या सायकलच्या दुकानात आले, पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी तो घेईनात. तिथेच मतदान घेतलं असतं तर किर्लोस्करवाडी कुठली?

मला आपले निरमावाले करसनभाई पटेल पटतात. १९६९ मध्ये अहमदाबादेत घरी पावडर करायची, सरकारी नोकरी सांभाळून सायकलवरून विकायची. आणि धंद्याने पाय धरल्यावर मग राजीनामा. सिनेमा काढण्याजोगं यात काही नाही, पण आमच्यासारख्या बी. कॉम.च्या डोळ्यांत पाणी येतं.

म्हणून माझी सूचना एवढीच, की राजीनाम्याच्या अर्जात ‘घरच्यांचे म्हणणे’ असा एक रकाना छापावा. लोक तो नॉमिनीच्या रकान्यासारखा कोरा ठेवतील, हे मला ठाऊक आहे. ठेवू देत. आम्ही तिथे पेन्सिलीने फुली मारून अर्ज परत देऊ.