‘सवडीने या, फादर’



एका रविवारी मिस्सेनंतर एक भगिनी आम्हाला भेटल्या. ‘‘फादर, वडिलांना बरं नाही. सवडीने एकदा घरी येऊन जा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ‘सवडीने’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. गुरुवारी गेलो, तेव्हा वडिलांची शुद्ध हरपली होती. रुग्णाभ्यंग संस्कार देता आला. पण त्यांना पापनिवेदन करायचे होते, ते राहून गेले. ‘‘तुम्ही एवढे कामात असता, लगेच या असं कसं सांगायचं?’’ त्या डोळे पुसत म्हणाल्या.

त्याच महिन्यात उलटे घडले. शनिवारी रात्री आम्ही कार्यालयातील ताईंना मोबाइलवर निरोप धाडला : ‘बाप्तिस्म्यांची वर्षभराची यादी लागेल.’ यादी महिनाअखेरीस हवी होती; आठवले तसे लिहून टाकले, इतकेच. रविवारी पहिल्या मिस्सेआधीच ताई नोंदवही उघडून बसल्या होत्या. घरी त्यांचे मूल तापाने फणफणले होते.

एका प्रसंगी असलेली तातडी आम्हाला ऐकू आली नाही. दुसऱ्या प्रसंगी नसलेली तातडी ताईंना ऐकू आली. खोटे कोणीच बोलले नव्हते. मग चूक कोणाची?

२०२१ साली लॉरा ज्युर्जे व व्हेनेसा बॉन्स या संशोधिकांनी चार हजारांहून अधिक लोकांवर आठ प्रयोग करून एक गोष्ट दाखवून दिली. कामाच्या वेळेनंतर आलेल्या साध्या ई-मेलला पाठवणाऱ्याची जितक्या लवकर उत्तराची अपेक्षा असते, त्याहून ती अधिक आहे असे वाचणाऱ्याला वाटते. ‘घाई नाही’ एवढी एक ओळ पाठवणाऱ्याने लिहिली, तर हा गैरसमज बराच कमी होतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून साहेबांना उत्तर देणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे वेगळे सांगायला नको.

काही जण मात्र प्रत्येक कामाला ‘अर्जंट’ म्हणतात. तसे म्हटले नाही तर काम पडून राहील, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराचे पुढे काय झाले, हे आपण जाणतो. शिवाय नसलेली तातडी सांगून आपण दुसऱ्याची संध्याकाळ, त्याच्या मुलांसोबतचे जेवण, कुटुंबाची रोजरीची प्रार्थना काढून घेतो. पैशाला हात लावला नाही, म्हणून ती चोरी नव्हे असे म्हणता येईल का?

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्‌गुणाविरुद्धच्या दोषांत उतावळेपणाही मोजला आहे आणि हलगर्जीपणाही. विचार सावकाश करावा, पण ठरलेले काम झटपट करावे, ही ॲरिस्टॉटलने नोंदवलेली जुनी शिकवणही त्यांनी स्वीकारली. म्हणजे केवळ धावणारा विवेकी नव्हे आणि केवळ थांबणाराही नव्हे. कधी धावायचे हे ज्याला कळते, तो विवेकी. आणि ते कळण्यासाठी पुष्कळदा विचारावेच लागते.

पण विचारायचे कोणी? आम्हाला वाटते, ज्याच्याकडे अधिकार अधिक, त्याच्यावर ही जबाबदारी अधिक. ताई आम्हाला ‘कधीपर्यंत हवी?’ असे विचारायला कचरल्या. ती भगिनी ‘आजच या’ म्हणायला कचरली. मोकळेपणाने बोलणे सोपे होते ते आम्हालाच. म्हणून दोन्ही वेळची चूक आमची होती.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचू या. सभास्थानाचा अधिकारी याईर मरणासन्न मुलीसाठी प्रभूच्या पाया पडतो. त्याला आपली तातडी सांगता येते. त्याच गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. ती काहीच मागत नाही, मागून येऊन नुसता वस्त्राला हात लावते. प्रभू थांबतो, कोणी स्पर्श केला असे विचारतो आणि तिचे सगळे ऐकून घेतो. नंतर याईरच्या घरी जाऊन मुलीलाही उठवतो. आपल्या हाती मेलेल्याला उठवणे नाही. म्हणून तर आपण वेळेवर विचारायला हवे.

या आठवड्यात एवढेच करू या. कोणाला काम सांगताना ते कधीपर्यंत हवे, हेही सांगू या. काम सांगितले गेले की ‘कधीपर्यंत?’ असे न लाजता विचारू या. आपल्या हाताखालच्या माणसाने तसे विचारले तर कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि घरी कोणी आजारी असेल, तर कृपा करून ‘सवडीने या’ म्हणू नका. ‘फादर, आज या’ म्हणा. मध्यरात्र असली तरी चालेल.

एकमेकांची गरज वेळीच ओळखण्याचा विवेक प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपले धर्मगुरू