आजचे चिंतन : नारदांनी सांगितलेला दोष



आजचं वाचन वनपर्वातलं, सावित्रीचं आख्यान. मार्कंडेय ऋषी ते युधिष्ठिराला सांगतात. आपल्याला आठवतो तो यम आणि वटपौर्णिमेचा दोरा. मी आज त्याच्या बराच आधी थांबलो. सावित्री वर निवडून आली आहे. राजा अश्वपती नारदांना विचारतो, गुण ऐकले, आता दोष सांगा. नारद झाकत नाहीत : दोष एकच, वर्षभरात याचं आयुष्य संपणार. बाप म्हणतो, दुसरा बघ. सावित्री हलत नाही. सगळं ऐकून दिलेला होकार आहे तो.

आपल्याकडे स्थळ आणणारे नारद कुठे असतात! मुलगा निर्व्यसनी, कंपनीत परमनंट, झालं. रोजच्या गोळीचं नाव कुणी काढत नाही.

चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर काम करणारा एक मुलगा माझ्याकडे येतो. लहानपणापासून आकडी येते, गोळ्या चालू आहेत. साखरपुडा झालाय. घरचे म्हणतात, लग्नानंतर सांगू. त्याने विचारलं, "काका, शास्त्र काय म्हणतं?" मी हेच पान पुढे केलं. कायद्याचंही बोललो. अपस्मार असणाऱ्याच्या लग्नावरची अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढली गेली. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, तर लग्न रद्द करून मागता येतं. म्हणजे आजार आड येत नाही, लपवाछपवी येते.

त्याने तिला सांगितलं. पुणे हायवेवर चहाला बसले होते. जागरण झालं की आकडी येऊ शकते, हेही बोलला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मग रात्रपाळीत झोपेचं काय करता तुम्ही?" आणि नंतर, "माझ्यासमोर आली तर मी काय करायचं?" कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. हे त्याने तिला हाताने दाखवलं. आजवर आईशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट मला या आख्यानात टोचते. सावित्रीने नवऱ्याला सांगितलंच नाही. वर्षभर एकटीने दिवस मोजले, तीन रात्रींचं व्रत केलं, सासऱ्यांनाही कारण कळू दिलं नाही. सत्यवान जागा होऊन विचारतो, तेव्हाही म्हणते, उद्या सांगते. आपण तिच्या धीराचं कौतुक करतो, करावंच. पण शेजारी निजलेल्या माणसापासून एवढं मोठं ओझं लपवून झोप कशी लागत असेल? तो मुलगाही साखरपुड्यापासून असाच एकटा मोजत होता.

पुढच्या तपासणीला ती त्याच्यासोबत जाणार आहे, डॉक्टरांना स्वतः विचारायला. तिच्या वडिलांना अजून सांगायचंय. ते काय म्हणतील, कुणास ठाऊक. मध्यस्थाला न पाठवता रविवारी तो स्वतःच जातोय.

राम कृष्ण हरी.